नकाशावरचा पूल

ही घडलेली गोष्ट आहे.

कुठे वाचलेली नाही, कुणी फॉरवर्ड केलेली नाही. माझ्या सख्ख्या मावशीच्या घरात घडली. तिची मुलगी, म्हणजे माझी मावसबहीण, आजही डाव्या पायात मोजा घातल्याशिवाय झोपत नाही. भर उन्हाळ्यातसुद्धा.

आधीच सांगून टाकते. यात मध्यरात्र नाही, अमावास्या नाही, आणि पांढऱ्या साडीतली बाई तर नाहीच नाही. जे झालं ते दिवसाढवळ्या झालं. थंडी सरत आली होती, दुपारची वेळ होती, खिडकी सताड उघडी होती, आणि खाली सायकलवाल्याच्या दुकानात रेडिओ बोंबलत होता. भुताला एवढीही लाज नसावी, असं मी मावशीला म्हटलं होतं.

ती हसली नाही.

मावशी जुने कागद दुरुस्त करते. फाटकी चित्रं, कसर लागलेली पुस्तकं, तुकडे पडलेले नकाशे. तिचे यजमान, म्हणजे आमचे काका, तेही तेच करायचे. वरच्या मजल्यावर त्यांची कामाची खोली. एका लांब टेबलाच्या या बाजूला ती, त्या बाजूला ते. खळीचं भांडं एक, टिपकागदाची चळत एक, भिंगं मात्र दोन. काका आपल्या भिंगाला कुणाला हात लावू देत नसत. एकदा मी लहानपणी लावला होता, तर अख्खा दिवस माझ्याशी बोलले नव्हते. खडूस माणूस! पण मावशीचा त्यांच्यावर भारी जीव.

काकांचा एक पाय अधू होता. काठी घेऊन चालायचे. काठीचं रबर झिजून गेलं होतं, पण बदलतील तर शपथ. त्यामुळे ते जिना चढायला लागले की घरभर कळायचं.

टक... सर्र. टक... सर्र.

आधी काठी, मग ओढलेला पाय.

तर काका गेले. झोपेतच गेले. मावशी रडली नाही. भेटायला येणारे म्हणायचे, धीराची आहे हो. धीर कसला डोंबलाचा! तिला काही वाटतच नव्हतं. चहा गरम आहे की गार, तेही तिला कळत नसे. मला एकदा म्हणाली, "दाढ काढताना इंजेक्शन देतात ना गं, तसं कुणीतरी सगळ्या अंगाला दिलंय. उतरतच नाहीये."

सोबतीला म्हणून तिची मुलगी घरी राहायला आली. आम्ही तिला बबडी म्हणतो. शाळेत गणित शिकवते, वर्गातली पोरं तिला चळाचळा कापतात, पण घरात ती बबडीच. काकांची काठी तिनेच कामाच्या खोलीच्या दाराआड उभी करून ठेवली होती. तिथेच ठेवायचे ते.

आणि मग तो नकाशा आला.

एक गृहस्थ जुने नकाशे जमवतात. मोठ्या मिशा आहेत, म्हणून आमच्यात त्यांचं नाव मिशीवाले. नकाशा त्यांचा. कुठल्याशा जुन्या लढाईचा, तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेला. फार दुर्मीळ. अशा दोनच प्रती शिल्लक आहेत म्हणे. मधोमध नदी, अलीकडे टेकड्या आणि झाडं, पलीकडे हरलेलं सैन्य. एरवी लढाईच्या नकाशात सैन्य म्हणजे नुसते चौकोन असतात. यात मात्र कोरणाऱ्याने एकेक माणूस काढला होता. तांदळाच्या दाण्याएवढा. भिंगातून पाहिलं तर पाठीवरची पडशी दिसावी, इतका बारीक.

सगळे नदीकडे तोंड करून उभे. पुलाकडे येत असलेले.

फक्त पूल नव्हता.

पुलाच्या जागी भोक होतं.

मिशीवाल्यांनी दुसऱ्या प्रतीचा फोटो बरोबर दिला होता. त्यात पूल धडधाकट होता, लाकडी खांबांवरचा. "तुम्हाला अंदाज यावा म्हणून देतोय हो," ते म्हणाले. "काढायचा नाहीये. काकांचा नियम मला ठाऊक आहे."

काकांचा नियम या कामातल्या सगळ्यांचाच नियम आहे. भोक पडलं तर तसाच कागद तासून तिथे बसवायचा, रंग जुळवायचा आणि तो कोरा ठेवायचा. हरवलेली रेघ स्वतःच्या हाताने काढायची नाही. काका नव्या शिकाऊ मुलींना दरडावून सांगायचे, "जे गेलंय ते गेलंय. फाटलंय ते सांधा. जे नाही, ते आहे म्हणून दाखवू नका."

मावशीने नकाशा धुतला, वाळवला, मागचं कुजकं कापड सोडवलं. भोकाच्या कडा भिंगाखाली धरल्या तेव्हा एक गोष्ट तिच्या लक्षात आली. कसरीने खाल्लेल्या कडा कुरतडल्यासारख्या असतात. या तशा नव्हत्या. साफ होत्या.

कुणीतरी सुरीने खरवडून काढलं होतं.

एरवी तिने काम तिथेच थांबवलं असतं. मिशीवाल्यांना फोन केला असता, कागद मागून उजेडावर धरून पाहिला असता. त्या दिवशी तिने 'असेल' म्हटलं आणि पुढे गेली. तेव्हा ती सगळ्यालाच 'असेल' म्हणायची.

भोकात कागद बसवला. रंग जुळला. काम झालं होतं. समोरची खुर्ची रिकामी होती. नकाशाच्या मधोमध ती कोरी जागा होती, आणि पलीकडे सगळी माणसं तिच्याकडे बघत उभी होती.

हात आपोआप चालला, अंगात आलं, असलं काही मी सांगणार नाही, कारण मावशीही तसं म्हणत नाही. ती सरळ म्हणते, "मुद्दाम काढला गं. मला ते रिकामं बघवेना."

तिने बारीक कुंचला घेतला, फोटो समोर ठेवला आणि पूल काढला. खांब, फळ्या, कठडा. एवढा हुबेहूब की जोड कुठे आहे ते तिलाही सापडेना. मग नकाशा टिपकागदात घालून वर वजनं ठेवली आणि ती कुंचला धुवायला उठली.

खालचा रेडिओ बंद झाला.

सायकलवाला बंद करतो कधी कधी. त्यात विशेष काही नाही. पण त्या शांततेत...

फळ्यांवर पावलं वाजत होती.

पुष्कळ पावलं. दमलेली, जड, एकामागोमाग एक. खालून नाही, वरून नाही. वजनांच्या खालून.

ती थोडा वेळ उभी राहिली. भीती वाटायला हवी होती, ती म्हणते. पण नाही वाटली. कान देऊन ऐकलं, कुंचला नीट पुसला, जागेवर ठेवला आणि खाली गेली. चहा केला.

दुसऱ्या दिवशी वजनं उचलली तर टिपकागद ओलाचिंब होता. नकाशा मात्र कोरडा ठणठणीत. टेबलापासून दारापर्यंत जमीन ओली होती, आणि खोलीत भिजलेल्या चामड्याचा वास होता. मावशीने फडकं आणून पुसून घेतलं. मला सांगा, तुम्ही आम्ही असतो तर गल्लीत जाऊन किंचाळलो असतो की नाही? ही बाई फडकं पिळून वाळत घालून आली.

त्याच दिवशी बबडी शाळेतून आली आणि म्हणाली, "आई, माझ्या पायांना काहीतरी झालंय. बोटं कळतच नाहीयेत."

"बूट घट्ट असतील."

"असतील," बबडी म्हणाली.

पुढचे दिवस सांगण्यासारखे नाहीत, कारण रोज तेच. दुपार झाली की रेडिओ गप्प. मग पावलं. मग ओली जमीन. मावशीने फोटो आणि नकाशा शेजारी ठेवून पाहिले. फोटोत पलीकडचा काठ माणसांनी गच्च भरलेला होता.

नकाशात... काठ विरळ झाला होता.

छापलेली शाई ती. कागदात मुरलेली. पुसली जात नाही, धुतली जात नाही. आणि तरी माणसं उभी होती तिथे नुसता कोरा कागद. अलीकडच्या काठावरही कुणी नव्हतं. जे निघाले होते, ते नकाशात कुठेच नव्हते.

इकडे बबडीचं दुखणं बोटांवरून घोट्यावर आलं, घोट्यावरून गुडघ्यावर. डॉक्टरांनी टाचण्या टोचून पाहिलं, तपासण्या केल्या. सगळं व्यवस्थित. ताण असेल, वडील गेलेत, विश्रांती घ्या. बबडीने रजा टाकली.

एका सकाळी ती मावशीला म्हणाली, "हसू नकोस हं. मला पाण्यात उभं असल्यासारखं वाटतंय. वाहत्या पाण्यात."

"कुठवर?" मावशीने विचारलं.

लक्षात घ्या, 'काहीतरीच काय' नाही म्हणाली ती. 'कुठवर' म्हणाली.

"मांड्यांपर्यंत."

तुम्ही म्हणाल, मग त्या बाईने तेव्हाच तो पूल खरवडून का नाही टाकला? मीही तेच म्हटलं. चांगली ओरडले तिच्यावर. आई आहेस की कोण आहेस, इथवर बोलून गेले. तिने ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाली, "आदल्या दुपारी मला काठी ऐकू आली होती गं."

पावलांच्या गर्दीत. सगळ्यात मागे. खूप लांब.

टक... सर्र.

ती रात्रभर जागी होती. जे येताहेत ते पलीकडून येताहेत. मग तेही येतील. एवढंच तिच्या डोक्यात. बबडीचे पाय आणि तो पूल यांची सांगड तिला घालता आली नसती असं नाही. घालायची नव्हती. मिशीवाल्यांचा फोन आला तर म्हणाली, थोडं काम राहिलंय. नकाशा उघडाच ठेवला. खोलीचं दार ओढून घेतलं, पण कडी लावली नाही.

आता त्या दुपारचं सांगते.

बबडीला एकटीला खाली ठेवायचं नाही म्हणून मावशीने तिला वर आणून कोचावर निजवलं होतं. पांघरुणावर पांघरूण घातलं तरी अंग बर्फ. डोळे छताकडे. खाली रेडिओवर कुणीतरी मोठमोठ्याने हसत होतं.

हसणं मधेच तुटलं.

मावशी भिंग घेऊन नकाशावर वाकली. स्वतःचं नाही, काकांचं भिंग. पलीकडचा काठ पार मोकळा झाला होता. सगळे येऊन गेले होते. पुलाच्या पलीकडच्या टोकाला एकच माणूस होता. त्याच्या पाठीवर पडशी नव्हती.

हातात काठी होती.

एवढ्या दिवसांत पहिल्यांदा तिला आपलं काळीज धडधडतंय हे कळलं. तिने भिंग जरा खाली सरकवलं, पुलाखाली, नदीकडे...

पाण्यात कुणीतरी उभं होतं.

कमरेपर्यंत. बाई. खांद्यावरून पुढे घेतलेली वेणी. तोंड वर, आकाशाकडे.

मावशीने कोचाकडे पाहिलं. बबडीची वेणी खांद्यावरून पुढे आली होती. डोळे छताकडेच.

"बबडे..."

"आई, बाबा येताहेत," बबडी म्हणाली. आवाज सपाट. पाढे म्हणावेत तसा. "त्यांची काठी वाजतेय. येऊ दे ना त्यांना."

"तुला... काय होतंय तुला?"

"काहीच नाही. काहीच होत नाहीये मला. छान आहे."

ते 'छान आहे' मावशीने ओळखलं. कित्येक दिवस ती स्वतः सगळ्यांना तेच सांगत होती.

जिन्यावर आवाज झाला.

टक... सर्र.

तिने नकाशा उचलला आणि पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते आत्ता केलं. खिडकीच्या उजेडावर धरला. भोकाच्या भोवती मागून कागदाच्या कडाच कडा दिसल्या. एकीच्या आत दुसरी, दुसरीच्या आत तिसरी. वेगवेगळे कागद, वेगवेगळी खळ, वेगवेगळे हात. हा पूल काढणारी ती पहिली नव्हती. पूर्वी कुणीतरी काढला होता, मग सुरीने खरवडला होता. पुन्हा दुसऱ्या कुणी काढला होता. पुन्हा खरवडला होता. प्रत्येकाचं कुणीतरी पलीकडे असणार.

टक... सर्र. टक... सर्र.

आता दाराबाहेर.

तिने सुरी घेतली. दाराकडे बघत राहिली. नुसतं ढकललं तर उघडेल असं दार. त्या दाराआड, तिच्या बाजूला, भिंतीला टेकून काठी असायला हवी होती.

नव्हती.

"आई," बबडी म्हणाली, "पाणी गळ्याशी आलं." तेही तसंच. सपाट.

दार हललं. बोटभर फट पडली.

आणि मावशी बोलली. एवढ्या वर्षांत जशी रोज बोलायची तशीच. खळ सांडली, हात भरलेत, आत येऊ नका, अशा वेळी बोलायची तसं.

"अहो... थोडं थांबा."

दार थांबलं. काठी थांबली. बाहेर कुणीतरी उभं राहिलं. तिचं काम संपेपर्यंत ते नेहमी उभे राहायचे तसं.

तिने नकाशा टेबलावर टाकला आणि सुरी लावली. आधी कठडा, मग फळ्या, मग खांब. तिच्याच हाताने बसवलेला कागद भुसा होऊन निघत होता. डोळ्यांपुढे काही दिसेना, तेव्हा तिला कळलं की आपण रडतोय. जोरजोरात, लहान मुलीसारखं. हात थांबवला नाही. पाण्यातली बाई गेली. काठीवाला गेला. भोक पडलं. टेबलाचं लाकूड दिसलं.

"आई गं! मेले! मुंग्या! पायाला मुंग्या आल्या!"

बबडी कोचावर उठून बसली होती आणि दोन्ही पाय धरून ओरडत होती. मावशीने धावत जाऊन ते पाय मांडीवर घेतले आणि चोळत बसली. दोघी ओरडून रडत होत्या. खाली रेडिओ चालू झाला. सायकलवाला जिन्याच्या तळाशी उभा राहून हाका मारत होता, "काय झालं हो ताई? येऊ का वर?"

तो वर आला. दार त्यानेच उघडलं. बाहेर कुणी नव्हतं. दारासमोर तळव्याएवढं पाणी होतं, आणि त्याच्या शेजारी एक बारीक, गोल, ओला ठिपका.

काठी घरात कुठेच सापडली नाही. आजतागायत नाही.

बबडी बरी झाली. डाव्या पायाची बोटं तेवढी परत आली नाहीत. चालता येतं, शाळेत जाते, पोरांना पूर्वीसारखीच झोडपते, तोंडाने. पण त्या बोटांना काही कळत नाही. पाणी अजून तिथून उतरलं नाही, असं ती म्हणते आणि विषय बदलते.

मावशीने मिशीवाल्यांना नकाशा भोकासकट परत केला. नुसतं एवढंच म्हणाली, "बुजवू नका. कुणाला बुजवू देऊ नका." त्यांनी का ते विचारलं नाही. मिशीला पीळ देत उभे राहिले आणि मग म्हणाले, "ज्यांच्याकडून घेतला, तेही हेच म्हणाले होते." असा राग आला मला त्या माणसाचा! आधी सांगायला काय धाड भरली होती?

मी स्वतः तो नकाशा पाहून आले आहे. विश्वास नव्हता म्हणूनच गेले. नदी आहे, टेकड्या आहेत, झाडं आहेत. पलीकडचा काठ रिकामा आहे. ते सैन्य परत तिकडे गेलेलं नाही. म्हणजे ते अलीकडे कुठेतरी आहे. कुठे, ते मला विचारू नका. मी ओल्या जमिनीवर पाय ठेवायचं टाळते, एवढंच.

पण मला झोप लागत नाही ती त्यामुळे नाही.

मागच्या खेपेला मी मावशीकडे गेले होते. दुपारी तिच्या टेबलाशी बसून चहा पीत होते. काकांच्या खुर्चीत नाही, तिथे मी बसत नाही. मावशी आता बरी दिसते. रडते, चिडते, चहा गार झाला तर कुरकुरते. मी म्हटलं, "सुटलीस बाई एकदाची. काकाही सुटले."

तिने कुंचला खाली ठेवला.

"मी त्यांना 'जा' म्हटलंच नाही गं," ती म्हणाली. "'थोडं थांबा' म्हटलं."

ती दाराकडे बघत होती.

"आणि ते माझं ऐकायचे."

खाली रेडिओ अचानक गप्प झाला. मी कप घट्ट धरून बसले. पावलं नव्हती. जिन्यावर काही नव्हतं. मला वाटलं, झालं, उगाच घाबरले.

मग बंद दाराच्या पलीकडे कुणीतरी, खूप वेळ एका पायावर उभं राहिल्यावर बदलतो तसा, पाय बदलला.

टक.

"हो हो," मावशी कामातून मान वर न करता म्हणाली. "झालंच हं."